भिंतवाल्या बाई

या गावात एखादी वस्तू मागावी आणि तीच मिळावी, असं सहसा होत नसे. बाईंनी शाळेसाठी मधली भिंत मागितली, तेव्हा त्यांना घंटा मिळाली. पुन्हा भिंत मागितली, तर खुर्ची मिळाली, तीही फक्त तपासणीस साहेबांनी बसायची. त्यानंतर मागितली तेव्हा शाळा समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे गावातल्या एकुलत्या एका किराणा दुकानाच्या मालकांनी, आपल्या दुकानातलं बंद पडलेलं घड्याळ आणून शाळेत टांगलं आणि वर म्हणाले, "बाई, घड्याळ टांगायला भिंत सापडली, म्हणजे भिंत आहेच की!" सगळी समिती खो खो हसली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करतात काय, हसल्यासारखं केलं आणि घरी आल्या.

घरी त्यांचे यजमान शिलाई मशीनवर वाकलेले होते. ते गावचे शिंपी. बोलायचे कमी, पण जे बोलायचे ते सुईसारखं टोचायचं.

"आली का भिंत?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"घड्याळ आलं."

"चालू?"

"बंद."

"मग बरंय. भिंतीची वाट बघताना किती वेळ गेला ते तरी कळणार नाही."

बाई चिडल्या आणि कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला मागच्या दारी गेल्या. दिवसभर ओरडून संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा पार बसलेला असायचा. गावात त्यांना पाठीमागे सगळे 'भिंतवाल्या बाई' म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पण भिंतीचं वेड त्यांना उगाच लागलेलं नव्हतं. शाळा म्हणजे एक लांबलचक खोली, वर पत्रे, पुढे ओसरी, ओसरीवर दोन टोकांना दोन दारं. पहिल्या दाराशी पहिली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी, आणि पार टोकाला फळ्यासमोर चौथी. चार इयत्ता आणि बाई एक. एका वर्गाला शिकवायचं आणि बाकीच्या तिघांना पाटीवर लिहायला लावायचं, अशी सरकारी रीत होती. ही रीत ज्याने काढली त्याने पहिलीतली पोरं कधी जवळून पाहिली नसावीत. पहिलीला लिहायला दिलं की ती दोन अक्षरं लिहायची, मग पाटी थुंकीने पुसायची, मग शेजारच्याची पुसायची, आणि मग जे रडणं सुरू व्हायचं ते थांबवायचा एकच उपाय होता, सगळ्यांना मोठ्याने पाढे म्हणायला लावणं. पहिली पाढे म्हणायला लागली की पत्र्यांना कापरं भरायचं.

आणि तिकडे टोकाला चौथीचे तोंडी हिशेब चाललेले असत. तोंडी हिशेबांवरच तर सगळं अडलं होतं. तालुक्याच्या मोठ्या शाळेत चौथीनंतर पुढे शिकायचं तर परीक्षा द्यावी लागे. मास्तर गणित एकदाच सांगत, पोराने ऐकायचं, मनात करायचं आणि उत्तर द्यायचं. पास झालं तर राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्या शाळेचं. नापास झालं तर शिक्षण तिथेच संपलं. बाई या गावात आल्यापासून एकही पोर त्या परीक्षेत पास झालं नव्हतं. दर वर्षी बाई पोरांना घेऊन जात आणि दर वर्षी खाली मान घालून परत येत. बाईंच्या मते दोष एकाच गोष्टीचा होता. चौथीला गणित ऐकूच येत नसे, तर करणार कसं? मध्ये भिंत असती तर कधीच कुणीतरी पास झालं असतं, हे त्या मनाशी म्हणत, यजमानांना म्हणत, सभेत म्हणत.

आता येत्या वर्षी चौथीत गवंड्याची थोरली येणार होती.

गवंड्याला चार लेकरं, त्यात ही मोठी म्हणून सगळं गाव तिला थोरलीच म्हणे. हडकुळी, तेल चोपडून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, आणि नजर अशी की समोरच्याला वाटावं ही आपल्याला मोजते आहे. ती दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. बाईंनी चौथीला एक गणित घातलं, चौथी आढ्याकडे बघत बसली, आणि दुसरीच्या रांगेतून, पाटीवरून डोकं वर न काढता, एक बारीक आवाज आला. उत्तर बरोबर होतं. बाईंना कौतुक वाटायच्या आधी रागच आला, कारण आधीच त्या गोंगाटाने वैतागल्या होत्या. "तुला विचारलं का गं? तुझं तू लिही," त्या ओरडल्या. मग हे नेहमीचंच झालं. चौथी अडायची, दुसरीतून उत्तर यायचं, बाई ओरडायच्या. पुढे ती तिसरीत गेली आणि तिसरीतून उत्तर यायला लागलं.

ही पोर पास होणार, यात बाईंना शंका नव्हती. तिला फक्त वर्षभर शांतता द्यायला हवी होती. परीक्षेला वयाची अट होती आणि थोरली धाकट्या भावंडांपायी उशिरा शाळेत आलेली, म्हणजे तिला ही एकच संधी. त्यामुळे बाई यंदाच्या सभेत जरा जास्तच बोलल्या. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि दाराशी ठेवायला माती झाडायचं पायपुसणं मंजूर केलं.

भिंत आली ती तपासणीस साहेबांमुळे. साहेब त्या वर्षी शाळा बघायला आले ते डोकं धरूनच आले. खास खुर्चीत बसले आणि चौथीला प्रश्न विचारायला लागले, तोच पहिलीने पाढे धरले. साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला. पाढे वाढले. साहेबांनी कपाळ दाबत अध्यक्षांना विचारलं, "इथे मध्ये एक भिंत का घालत नाही तुम्ही?"

"उद्याच घालतो, साहेब," अध्यक्ष म्हणाले.

बाई तिथेच उभ्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी जे कानीकपाळी ओरडून सांगितलं, ते एका माणसाच्या डोकेदुखीने एका वाक्यात झालं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण रात्री जेवताना त्या भात नुसताच चिवडत बसल्या. यजमान म्हणाले, "आधीच सांगितलं असतं तर मीच डोकं धरून आलो असतो की." तेव्हा कुठे त्या हसल्या.

सुट्टीत काम निघालं आणि बाई नेमक्या आईच्या आजारपणामुळे माहेरी होत्या. त्या परतल्या तेव्हा भिंत उभी होती. गवंड्याने, म्हणजे थोरलीच्या बापाने, जीव ओतून बांधलेली. विटा ओळंब्याला धरून सरळ, पत्र्यापर्यंत कुठे फट नाही, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत गिलावा आणि वर पांढरा चुना. अध्यक्षांनी आपल्या आईच्या नावाची संगमरवरी पाटी चौथीच्या बाजूला बसवून घेतली होती. बाई इकडून बघून आल्या, ओसरीवरून वळसा घालून तिकडून बघून आल्या, आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"गवंडीदादा, दार कुठाय?"

"कसलं दार?" गवंडी म्हणाला.

"मला या वर्गातून त्या वर्गात जायला!"

गवंड्याचा चेहरा पडला. "बाई, तुम्हीच इतकी वर्षं सांगत होता, आवाज अजिबात जायला नको. दार ठेवलं की आवाज जातो. मी अध्यक्षांना विचारलं, ते म्हणाले, बाईंना भिंत हवी आहे, दार त्यांनी कधी मागितलं नाही. खरंच, तुम्ही नव्हतं मागितलं."

हे खरं होतं. बाईंनी दार कधीच मागितलं नव्हतं. आणि इतकी वर्षं भिंत मागताना आणखी एक साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती, ना समितीच्या, ना साहेबांच्या. भिंत घातली की खोल्या दोन होतात, आणि बाई एकच राहते.

बाई अध्यक्षांकडे गेल्या. दुकानात ते साखर पुड्यात बांधत होते. "परवा उद्घाटन झालं, बाई. आता भिंत फोडायची? माझ्या आईच्या नावाची? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." उद्घाटनाला दार नसल्यामुळे फीत कुठे बांधायची असा प्रश्न पडला होता, तेव्हा ती भिंतीवरच आडवी खिळ्यांनी ठोकून अध्यक्षांनी मधोमध कापली होती, हे बाईंना नंतर कळलं. मग त्यांनी तालुक्याला जाऊन साहेबांकडे आणखी एक शिक्षक मागितला. साहेबांचं डोकं त्या दिवशी ठीक होतं. "आत्ताच तर भिंत दिली तुम्हाला," ते म्हणाले, "एका वेळी एकच मागा."

शाळा सुरू झाली. पहिली-दुसरी भिंतीच्या पलीकडे, तिसरी-चौथी अलीकडे. बाई अलीकडे असल्या की पलीकडे मारामारी, पलीकडे गेल्या की अलीकडे गप्पा. ओसरीवरून धावून धावून त्यांचे गुडघे बोलायला लागले. एकदा पहिलीतल्या दोघांनी मिळून शाईची दौत तिसऱ्याच्या डोक्यावर ओतली, आणि त्याची आई त्याला तसाच निळा घेऊन अध्यक्षांच्या दुकानात गेली. अध्यक्ष आले आणि म्हणाले, "बाई, आता तर भिंत आहे. आता काय कारण?"

तेव्हा बाईंनी तो निर्णय घेतला. पलीकडे कुणीतरी हवं, पोरं ऐकतील असं, स्वतः भांडणार नाही असं. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती जिथे थांबायची तिथेच थांबली.

"थोरले, जरा पलीकडे बस. त्यांचे पाढे घे, अक्षरं गिरवून घे. थोडाच वेळ."

थोरलीने पाटी उचलली आणि गेली. घरी तीन भावंडं सांभाळलेली पोर ती, तिला काय अवघड होतं? पलीकडे शांतता झाली. खरी शांतता. बाईंनी चौथीला एक गणित घातलं आणि आपलाच आवाज त्यांना नीट ऐकू आला, न ओरडता, माणसासारखा. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. त्या दिवशी त्यांनी तीन दिवसांचं शिकवलं.

थोडा वेळ म्हणता म्हणता अर्धा दिवस झाला, आणि मग पूर्ण. रोज बाई ठरवत, उद्या तिला परत बोलवायचं, रोज पलीकडे काहीतरी बिनसायचं आणि थोरलीशिवाय भागायचं नाही. शाळा सुटल्यावर तिला वेगळं शिकवीन असं त्यांनी सुरुवातीला म्हटलं होतं. पण शाळा सुटली की थोरलीला तान्ह्या भावाला घ्यायला घरी पळावं लागे. मधूनच तिला अलीकडे बोलावून त्या एखादं गणित विचारत. तिला ते येत असे. ही पोर येता-जाता शिकते, हिची काळजी नको, असं मनाशी म्हणून बाई फळ्याकडे वळत. गुळण्या बंद झाल्या होत्या. यजमान म्हणाले, "घरात आता तुमचा आवाज ऐकू येतो, सवय नव्हती हो." बाई वर्षानुवर्षांत पहिल्यांदा समाधानी होत्या, आणि समाधानी माणूस फार खोलात जात नाही.

फक्त एक किरकिर झाली. पलीकडच्या बाजूने नव्या भिंतीवर तेलकट डाग पडला. हातभर उंचीच्या वर, तळहाताएवढा, दिवसेंदिवस काळपट होत गेलेला. अध्यक्षांनी आईच्या भिंतीला डाग पाहिला आणि ते असे हळहळले की वाटावं, घरातलं कुणी गेलं असावं. बाई पहिली-दुसरीवर बरसल्या. "कोण डोकं टेकतं इथे? नवी कोरी भिंत! सांगा, कोण?" थोरली पोरांच्या पुढे उभी होती, ती खाली बघत होती. बाईंनी तिलाही सुनावलं, "तुला कशाला बसवलंय इथे? लक्ष कुठं असतं तुझं?" मग त्यांनी ओलं फडकं घेऊन डाग घासला. तेल चुन्यात मुरलं होतं, ते निघालं नाही.

परीक्षा सुट्टीच्या शेवटच्या दिवशी असे, आणि बाई चौथीच्या चार पोरांना बैलगाडीतून घेऊन गेल्या. या वेळी त्यांची मान वर होती. मोठ्या शाळेत निकाल त्याच दिवशी दुपारी तोंडी सांगत. तिथले मुख्याध्यापक बाहेर आले आणि म्हणाले, "अभिनंदन, बाई. तुमचा एक मुलगा पास झाला." तो न्हाव्याचा मधला होता. तिसरीपर्यंत त्याला दहापुढचा पाढा येत नव्हता. शांततेत बसून वर्षभरात शिकला होता. भिंतीबद्दलचं बाईंचं म्हणणं खरं ठरलं होतं.

"आणि ती मुलगी?" बाईंनी विचारलं.

"मुलगी फार हुशार आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "पाढे तर काय, पाण्यासारखे. पण चौथीचं अर्धं पुस्तक तिला कुणी शिकवलेलंच दिसत नाही. मध्येच सगळं येतं, मध्येच काहीच नाही. बाई, असं कसं झालं?"

बाईंनी पोरांना गाडीत बसवलं.

परतताना न्हाव्याचा मधला गाडीवानाशेजारी बसून त्याच्याशी बडबडत होता. थोरली मागे बाईंजवळ बसली होती, पाय खाली सोडून. बाईंनी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस गं, तुझं राहतंय म्हणून?"

"तुम्ही म्हणायचात ना बाई, भिंत झाली, आता कुणाची तक्रार नको."

"मग तुला मधलं मधलं कसं येत होतं?"

"मी ऐकायचे," थोरली म्हणाली. "पोरं लिहायला लागली की भिंतीला कान लावून. तुम्ही पोरांकडे तोंड करून बोललात की कळायचं. फळ्याकडे वळलात की नाही कळायचं. बाबांनी गिलावा फार जाड केलाय." मग ती म्हणाली, "आधी बरं होतं. आधी सगळ्यांचंच ऐकू यायचं."

बाईंना तो डाग आठवला. कुठे होता, किती उंचीवर होता. त्यांनी तो घासून काढायचा केलेला प्रयत्न आठवला, आणि वरून ऐकवलेलं, लक्ष कुठं असतं तुझं. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की गाडीतून उतरून चालत जावंसं वाटलं. त्यांनी थोरलीच्या पाठीवर हात ठेवला. थोरलीने तो ठेवू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गवंड्याच्या घरी गेल्या. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गवंडी अंगणात बसून थापी धूत होता. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "आवाज जायला नको म्हणून मी गिलावा दोनदा केला होता, बाई. कुणी सांगितलं नव्हतं." बाई म्हणाल्या, पुढल्या वर्षी तिला बसवता आलं असतं, पण वयाची अट आहे. गवंडी म्हणाला, माहीत आहे. तो उठला, छिन्नी आणि हातोडा घेतला आणि थोरलीला हाक मारली, "पोरी, घमेलं घे."

भिंतीवर पहिला घाव बसला तसे अध्यक्ष दुकान उघडं टाकून धावत आले. "अरे, कुणाला विचारून? माझ्या आईच्या नावाची भिंत आहे!"

"पाटी काढून देतो," गवंडी हातोडा न थांबवता म्हणाला. "बांधली मी, फोडतोय मी." अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. बाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या खडूने भिंतीवर दाराची चौकट आखत होत्या, पलीकडच्या तेलाच्या डागाची जागा अंदाजाने बरोबर मध्ये धरून.

थोरली घमेल्यात विटांचे तुकडे भरत होती. "बाई," ती म्हणाली, "दार झालं की पुन्हा आवाज येईल."

"येऊ दे," बाई म्हणाल्या.

डागाच्या जागची वीट निघाली तेव्हा पलीकडून पहिलीचा कालवा आत आला. बाईंनी गप्प बसा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या चौथीकडे, म्हणजे नव्याने चौथीत आलेल्या पोरांकडे वळल्या आणि वर्ग सुरू केला. घसा ताणून त्यांनी गणित घातलं. एका ओळीत सतरा झाडं, अशा बारा ओळी, तर झाडं किती?

चौथी आढ्याकडे बघत बसली.

"दोनशे चार," भिंतीतल्या भोकाशी उभी असलेली थोरली म्हणाली. तिच्या डोक्यावर घमेलं होतं.

बाईंनी फळ्यावर २०४ लिहिलं. मागून गवंड्याचा आवाज आला, "पोरी, भरलं ना घमेलं? मग चल." थोरली ते सावरत ओसरीवरून खाली उतरली आणि विटा ओतायला गेली.